यकृतातला साखरेचा मागचा दरवाजा : फ्रुक्टोज, फॅटी लिव्हर आणि औषधांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटाची सोनोग्राफी खड्यांसाठी करायची आणि रिपोर्टच्या तळाशी ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ अशी ओळ निघायची, हे आता घरोघरचे झाले आहे. मग कोणीतरी सांगते, ‘तेल-तूप बंद कर.’ साखरेचे नाव शेवटी निघते, निघाले तर. मी जीवरसायनशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही. तेव्हा ही उत्तरे डॉक्टरांच्या जागी वापरू नका, त्यांच्याकडे जाण्याआधी वाचा.

मी दारूला शिवतही नाही. मग लिव्हरवर चरबी कशी?

यकृतात चरबी साठायला दारू लागत नाही. रोज थोडे जास्तीचे खाणे, बैठे काम, पोटाचा घेर, मधुमेहाकडे झुकलेले शरीर एवढे पुरते. निरोगी यकृतात चरबीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असते, त्यापुढे गेले की फॅटी लिव्हर म्हणतात. पूर्वी या आजाराच्या नावातच ‘नॉन-अल्कोहोलिक’ हा शब्द होता. २०२३ मध्ये तज्ज्ञांच्या संघटनांनी ते नाव बदलून ‘मॅसल्ड’ केले. नव्या नावात दारूऐवजी चयापचयातल्या बिघाडाचा उल्लेख आहे. बदल योग्यच होता, कारण जुन्या नावामुळे न पिणाऱ्या माणसालाही ‘खरे सांगा, घेता का?’ हे ऐकावे लागायचे.

गंमत अशी की ज्या साखरेबद्दल आपण बोलणार आहोत, ती यकृतात गेल्यावर बरीचशी दारूसारखीच वागते.

फ्रुक्टोज म्हणजे फळांतली साखर ना?

फळांत ती असते, पण आपल्या पोटात जाणारे बहुतेक फ्रुक्टोज फळांतून येत नाही, साखरेच्या डब्यातून येते. साखरेचा प्रत्येक रेणू म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज यांची जोडी. लहान आतड्यात ही जोडी फुटते. म्हणजे चमचाभर साखर खाल्ली की जवळजवळ अर्धा चमचा फ्रुक्टोज खाल्लेच. अमेरिकेत शीतपेयांत मक्यापासून केलेला पाक वापरतात, त्यात साधारण ५५ टक्के फ्रुक्टोज असते. ‘तो पाक विषारी, आपली उसाची साखर बरी’ असे फॉरवर्ड फिरत असतात. ५५ आणि ५० मधल्या फरकाने यकृताचे फारसे काही बिघडत किंवा सुधारत नाही.

ग्लुकोजही साखरच आहे. मग यकृताला फरक कुठे पडतो?

सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

ग्लुकोज सगळ्या शरीराचे इंधन आहे. मेंदू, स्नायू, तांबड्या पेशी, सगळे ते वापरतात. यकृतात जे ग्लुकोज शिरते त्याला वाटेत एक जकात नाका लागतो. फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाचा एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक कामे उरकणारे एक प्रथिन, तिथे बसलेला असतो. पेशीत ऊर्जा भरपूर असली की तो फाटक अर्धे लावून घेतो आणि ग्लुकोजला सांगतो, ‘पुढे जागा नाही, ग्लायकोजेन (साठवणीतली साखर) होऊन गोदामात जा.’

फ्रुक्टोज या नाक्यावर येतच नाही. त्याची वाट नाक्याच्या पलीकडे, मागच्या दाराने मुख्य रस्त्याला लागते. त्या दारावर केटोहेक्झोकायनेज, थोडक्यात केएचके, हा एन्झाइम असतो. तो फ्रुक्टोजला फॉस्फेटचा एक तुकडा जोडतो आणि पेशीत अडकवून टाकतो. हे काम तो झपाट्याने करतो, आणि पेशीत ऊर्जा आहे की नाही याची विचारपूस करीत नाही. त्याला लगाम नाही. मग अल्डोलेज-बी नावाचा दुसरा एन्झाइम त्या रेणूचे दोन तुकडे करतो. या तुकड्यांपासून ग्लुकोज बनते, लॅक्टेट बनते आणि चरबीही बनते. चरबीच्या रेणूचा कणा असलेले ग्लिसरॉल आणि त्याला लटकणारी फॅटी आम्ले, दोन्हींचा कच्चा माल यातूनच निघतो.

केएचके फॉस्फेट उचलतो तो पेशीच्या एटीपीमधून, म्हणजे रोख ऊर्जेतून. एकदम खूप फ्रुक्टोज आले तर एटीपीची काही काळ चणचण होते आणि त्याच्या मोडतोडीतून शेवटी युरिक अॅसिड तयार होते. शिवाय फ्रुक्टोज यकृतातले काही जनुकीय बटण चालू करते. त्यातले मुख्य सीएचआरईबीपी. हे बटण दाबले गेले की चरबी बनवणारी अख्खी यंत्रसामग्री वाढते. म्हणजे फ्रुक्टोज कच्चा मालही पुरवते आणि कारखान्यात नवी यंत्रेही बसवते. ग्लुकोजने हे अजिबात होत नाही असे नाही, पण इतक्या सहज होत नाही.

म्हणजे यकृतातली सगळी चरबी साखरेपासूनच होते?

नाही. साखरेला सगळ्याच पापांची धनीण ठरवणाऱ्या मंडळींनी हे उत्तर जरूर वाचावे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या यकृतातली चरबी कुठून येते ते मोजले गेले. सुमारे ५९ टक्के अंगावरच्या चरबीतून रक्तात सुटलेल्या फॅटी आम्लांपासून, सुमारे १५ टक्के थेट आहारातल्या चरबीतून, आणि सुमारे २६ टक्के यकृताने स्वतः साखर-पिष्टापासून नव्याने बनवलेली. ही शेवटची चरबी निरोगी माणसात बरीच कमी असते. फॅटी लिव्हरमध्ये वाढते ती हीच, आणि फ्रुक्टोज पेटवते तीही हीच. शिवाय यकृत नवी चरबी बनवत असते तेव्हा जुनी जाळण्याचे काम मंदावते, त्यामुळे २६ टक्क्यांचा परिणाम २६ टक्क्यांवर थांबत नाही.

हे सगळे उंदरांवर सिद्ध झाले आहे की माणसांवर?

दोन्हींवर, पण माणसांवरचे प्रयोग अधिक बोलके आहेत.

झुरिकमधल्या संशोधकांनी ९४ निरोगी, सडपातळ तरुणांना सात आठवडे रोज ८० ग्रॅम साखर घातलेले पेय दिले. काहींना फ्रुक्टोजचे, काहींना साध्या साखरेचे, काहींना ग्लुकोजचे. २०२१ मध्ये निकाल छापून आले. फ्रुक्टोज आणि साधी साखर घेणाऱ्यांच्या यकृतात चरबी बनवण्याचा वेग जवळजवळ दुप्पट झाला होता, ग्लुकोजवाल्यांत तसे झाले नाही. ही माणसे जाड नव्हती, आजारी नव्हती.

उलट्या दिशेचा प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोत झाला. लठ्ठ मुलांच्या आहारातली साखर काढून तितक्याच कॅलरींचे पिष्ट दिले. भाकरी-भाताच्या जातीचे म्हणा. नऊ दिवसांत यकृतातली चरबी मध्यकाने ७.२ टक्क्यांवरून ३.८ वर आली. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही लक्षात ठेवा.

मला सगळ्यांत पटणारा अभ्यास २०१९ चा आहे. फॅटी लिव्हर असलेले ४० किशोरवयीन मुलगे, दोन गट, आठ आठवडे. एका गटाच्या आहारात वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या तीन टक्क्यांखाली आणली. त्यांच्या यकृतातली चरबी २५ वरून १७ टक्क्यांवर आली, दुसऱ्या गटाची २१ वरून २०. संशोधकांनी त्या मुलांच्या अख्ख्या घराचे जेवण आखून पुरवले होते. आई-बाबा-भावंडे, सगळ्यांचे. एकट्या मुलाला ‘तू गोड खाऊ नकोस’ म्हणून समोर बाकीच्यांनी श्रीखंड ओरपले असते तर हा निकाल लागला असता, असे मला वाटत नाही.

मग त्या मागच्या दारालाच कुलूप लावणारे औषध का काढत नाहीत?

काढायचा प्रयत्न झाला, आणि त्यामागचा तर्क फार सुंदर आहे.

काही माणसांत जन्मतःच केएचके काम करीत नाही. या अवस्थेला इसेन्शियल फ्रुक्टोसुरिया म्हणतात आणि तिची नोंद १८७६ पासून आहे. अशा माणसाने साखर खाल्ली की फ्रुक्टोज रक्तात काही वेळ रेंगाळते, त्यातले थोडे लघवीवाटे निघून जाते आणि उरलेले शरीर इतर वाटांनी सावकाश वापरते. त्याला काहीच होत नाही. ना पोटदुखी, ना थकवा. लघवीच्या एखाद्या जुन्या पद्धतीच्या तपासणीत साखर दिसली आणि मधुमेहाचा चुकून संशय आला, तरच हे लक्षात यायचे.

औषध शोधणाऱ्याला याहून चांगली बातमी नसते. एखादा एन्झाइम आयुष्यभर बंद राहिला तरी माणूस ठणठणीत राहतो, हा प्रयोग निसर्गानेच करून ठेवला आहे. केएचके नसलेल्या उंदरांवरही साखरेचा मारा केला तरी त्यांचे यकृत चरबीने भरत नाही. तेव्हा केएचके अडवा, हे ओघानेच आले.

त्याच वाटेवरचा दुसरा एन्झाइम, अल्डोलेज-बी, अडवला तर?

चुकूनही नाही. तोही प्रयोग निसर्गाने करून दाखवला आहे, आणि तो भयंकर आहे. अल्डोलेज-बी जन्मतः सदोष असलेल्यांना फ्रुक्टोज अजिबात सोसत नाही. केएचके आपले काम करून फ्रुक्टोजला फॉस्फेट जोडतो, पण पुढे तोडणारा कोणी नसल्याने तो माल यकृतात तुंबतो. फॉस्फेट अडकून पडते, रक्तातली साखर कोसळते, उलट्या, कावीळ, यकृत आणि मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत मजल जाते. हा आजार १९५६ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला. असे लोक लहानपणापासून आपणहून गोडाकडे पाठ फिरवतात, त्यामुळे त्यांचे दात बहुधा कीडविरहित असतात.

दोन एन्झाइम एकाच वाटेवर, एकामागोमाग. पहिला बंद पडला तर गंमत, दुसरा बंद पडला तर जिवावर. वर्गात हे सांगताना दरवर्षी मागच्या बाकावरचीही मुले मोबाइल खाली ठेवतात.

जाता जाता, अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळात हा आजार दिसत नाही, कारण आईच्या दुधात फ्रुक्टोज नसते. तो उघडा पडतो वरचे गोड सुरू झाल्यावर. आपल्याकडे जन्मल्याबरोबर मध चाटवायची आणि गुटीत मध घालायची रीत आहे. मधात चाळीस टक्क्यांच्या आसपास फ्रुक्टोज असते. हा आजार विरळा, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध न देण्याचे दुसरे कारण, बोट्युलिझमचे जंतू, सगळ्यांनाच लागू आहे. मध, गूळपाणी किंवा फळाचा रस दिल्यावर बाळ दर वेळी उलट्या करून मलूल पडत असेल तर ‘बाधले असेल’ म्हणून सोडू नका, बालरोगतज्ज्ञांना नेमके काय दिले होते ते सांगा.

केएचके अडवणारे औषध प्रत्यक्षात आले का?

बाजारात नाही. सर्वांत पुढे गेले ते फायझर कंपनीचे पीएफ-०६८३५९१९ नावाचे औषध. होय, नावाच्या जागी टेलिफोन नंबर, कारण ते बारशापर्यंत पोहोचलेच नाही. फॅटी लिव्हरच्या रुग्णांना सहा आठवडे रोज ३०० मिलिग्रॅम दिल्यावर यकृतातली चरबी प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, स्पष्टपणे घटली. ७५ मिलिग्रॅमने तसे झाले नाही. पुढच्या १६ आठवड्यांच्या चाचणीत टाइप टू मधुमेह आणि फॅटी लिव्हर दोन्ही असलेले, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणारे रुग्ण होते. ३०० मिलिग्रॅमच्या गटात चरबी मुळापेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी कमी झाली, प्लासिबोत सुमारे ५ टक्क्यांनी. एचबीए१सीवर, म्हणजे रक्तातल्या साखरेच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरीवर, मात्र ठाम म्हणावा असा परिणाम दिसला नाही. औषध सोसायला जड नव्हते. तरी ते तिसऱ्या टप्प्यात गेले नाही.

दुसरी पद्धत वेगळी आहे. एन्झाइम बनल्यावर त्याच्या तोंडात बोळा कोंबण्याऐवजी तो बनूच द्यायचा नाही, म्हणजे यकृतातल्या पेशीत त्याचा निरोप घेऊन जाणारा आरएनएच नष्ट करायचा. उंदरांत दोन्ही पद्धतींची तुलना झाली आहे आणि दोन्हींचे परिणाम तंतोतंत सारखे निघाले नाहीत. म्हणजे केएचके हे प्रथिन फॉस्फेट जोडण्यापलीकडेही काही उद्योग करीत असावे. शिवाय त्याचे दोन अवतार आहेत : यकृत, आतडे आणि मूत्रपिंडातला तडफदार ‘सी’ आणि इतरत्र आढळणारा मंद ‘ए’. उंदरांत दोन्ही काढले तर फायदा झाला, पण एकटा ‘ए’ काढला तर उलट नुकसान वाढले, कारण सगळे फ्रुक्टोज यकृताच्याच अंगावर आले.

चरबी कमी होत होती, तर औषध पुढे का गेले नाही?

कंपनीच्या बैठकीत काय बोलले गेले ते त्यांना ठाऊक. मला जे दिसते ते सांगतो.

फॅटी लिव्हरमध्ये रुग्णाचे भवितव्य ठरते ते चरबीपेक्षा फायब्रोसिसवर, म्हणजे यकृतात किती चट्टे पडलेत यावर. औषध मंजूर व्हायचे तर सूज किंवा चट्टे कमी झाल्याचे दाखवावे लागते, चरबीतली घट पुरत नाही. त्यातही पाचातला एक भाग चरबी कमी करणारे औषध अशा वेळी आले, जेव्हा वजन आणि चरबी दोन्ही त्याहून जोरात उतरवणारी इंजेक्शने बाजार गाजवू लागली होती. स्पर्धेत ते मागे पडले, तर्कात नाही.

दुसरे म्हणजे असे औषध तितकेच काम करणार, जितके फ्रुक्टोज तुम्ही खाता. दिवसाला लिटरभर कोला पिणाऱ्यात त्याचा फायदा जास्त दिसेल, दोन कप चहावर राहणाऱ्यात कमी. चाचणीत दोघांना एकाच गटात घातले तर सरासरी पातळ होते. आहारातले फ्रुक्टोज मोजून रुग्ण निवडले असते तर चित्र वेगळे दिसले असते, असे माझे मत आहे.

केएचके सोडून खालच्या पायरीवर, चरबी बनवणाऱ्या यंत्रांनाच अडवले तर?

तसेही करून पाहिले आहे. एसीसी नावाचा एन्झाइम अडवला की यकृतातली चरबी चांगलीच घटते, पण रक्तातली ट्रायग्लिसराइड वाढतात. इकडची चरबी तिकडे. म्हणून त्याच्या जोडीला डीजीएटी-२ हा ट्रायग्लिसराइड जोडणारा एन्झाइम अडवणारे औषध देऊनही पाहिले आहे. फॅटी अॅसिड सिंथेज अडवणाऱ्या डेनिफॅनस्टॅटचे वर्षभराच्या चाचणीतले निकाल २०२४ मध्ये आले, ते आशादायक आहेत.

फ्रुक्टोज आधी आतड्यात जाते. आतडे काहीच करीत नाही का?

करते, आणि हे फार उशिरा कळले. २०१८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी उंदरांत दाखवले की थोड्या प्रमाणातले फ्रुक्टोज लहान आतडेच पकडते आणि त्याचे ग्लुकोज करून पुढे पाठवते. आतडे म्हणजे यकृताच्या दारातली पहारेकरीण. पण तिची ताकद मर्यादित आहे. एकदम मोठा लोंढा आला की उरलेला माल यकृतात शिरतो, आणि काही खाली मोठ्या आतड्यात जातो. तिथले जिवाणू त्याचे अॅसिटेट करतात, आणि ते अॅसिटेट पुन्हा यकृतातच चरबी बनवायला वापरले जाते. २०२० मध्ये हेही उंदरांत दिसून आले.

यावरून निघणारा व्यवहार सोपा आहे : किती खाल्ले याइतकेच, किती वेळात खाल्ले याला महत्त्व आहे. प्यायची साखर सर्वांत वाईट ती यामुळे.

मग फळे बंद करू का? आणि हापूस?

फळे बंद करू नका. शंभर ग्रॅम सफरचंदात साधारण सहा ग्रॅम फ्रुक्टोज असते, पण ते तंतूंत गुंडाळलेले असते, चावून खाल्ले जाते, सावकाश उतरते. ते पहारेकरणीच्या आवाक्यातले आहे. पेरू, पपई, संत्री, जांभळे निर्धास्त खा. चिकू, द्राक्षे, केळी, आंबा यांत साखर अधिक, तेव्हा एखादे फळ, जेवणासोबत नव्हे तर जेवणाऐवजी किंवा मधल्या वेळी.

आंब्याचे म्हणाल तर एक हापूस कापून खाणे आणि दोन वाट्या आमरस वरून साखर घालून पुरीबरोबर ओढणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमरसात किती आंबे गेले ते करणाऱ्यालाच विचारा. शिकरणात साखर घालणाऱ्यांना मी काही सांगू शकत नाही, केळ्याला साखरेची गरज का भासावी हेच मला कळलेले नाही.

साखरेऐवजी गूळ, मध, काकवी?

गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, थोडे खनिज आणि पुष्कळ स्वाद. काकवीचेही तेच. मधात फ्रुक्टोज साखरेइतकेच, किंचित कमी. कोल्हापुरी गुळाची चव साखरेला नाही हे मान्य, पण यकृताला जीभ नसते.

उसाचा रस ताजा असतो, तो तरी चालेल ना?

ताजेपणाने साखर कमी होत नाही. रसवंतीतला मोठा ग्लास म्हणजे पाच मिनिटांत पोटात गेलेला साखरेचा लोंढा. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीतही तीसएक ग्रॅम साखर असते. घरचे पन्हे, कोकम सरबत, लिंबू सरबत यांत किती साखर घालायची ते तुमच्या हातात आहे. सोलकढीत ती नसतेच, तेव्हा तिच्या नावाने जेवणाचा शेवट करा. डब्यातला ‘शंभर टक्के फळांचा’ रस मात्र फळांच्या नव्हे, कोल्ड्रिंकच्या रांगेत धरा.

मधुमेहींसाठी फ्रुक्टोजची मिठाई चांगली, असे ऐकले होते.

एके काळी तसा सल्ला होता. फ्रुक्टोजने रक्तातली साखर लगेच चढत नाही, इन्सुलिन फारसे लागत नाही, म्हणून ते मधुमेहींच्या पदार्थांत घालत. ग्लुकोमीटरला जे दिसत नव्हते ते यकृत भोगत होते. पाकिटावर ‘फ्रुक्टोज’ किंवा ‘फ्रूट शुगर’ दिसले तर ते पाकीट परत फडताळात ठेवा. सॉर्बिटॉल घातलेल्या ‘शुगर-फ्री’ पदार्थांबद्दलही एक गोष्ट : शोषले गेलेले सॉर्बिटॉल यकृतात फ्रुक्टोजच होते. ते पुरते शोषले जात नाही एवढाच दिलासा, आणि त्याची किंमत पोटफुगीने मोजावी लागते.

मी गोड खातच नाही, बारीकही आहे. तरी फॅटी लिव्हर निघाले.

अशी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र त्या सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर बारीक, आतून चरबीदार, ही भारतीय ठेवण आहे. अशा माणसात चरबी कातडीखाली मावत नाही, ती पोटात आणि यकृतात जाते. त्यात पीएनपीएलए-३ जनुकाचा एक प्रकार वाट्याला आला असेल तर यकृत चरबी सोडायलाच तयार नसते.

शिवाय ‘गोड खात नाही’ म्हणणारी माणसे चहा धरत नाहीत, हा माझा अनुभव. चार कप, प्रत्येकी दोन चमचे, झाले आठ चमचे. बिस्किटे, केचप, ब्रेड, उपवासाचा राजगिऱ्याचा लाडू यांतली साखरही हिशेबात येत नाही. आणि शरीर स्वतःही ग्लुकोजपासून फ्रुक्टोज बनवू शकते, रक्तातली साखर चढलेली असेल तर अधिकच. म्हणून भाताचे डोंगर आणि मैदा यांना पूर्ण मोकळे रान नाही.

युरिक अॅसिडही वाढले आहे. संबंध आहे?

असू शकतो. वर सांगितलेली एटीपीची मोडतोड आठवा. दोन्ही एकाच वेळी वाढलेली असतील तर डाळी आणि पालक सोडण्याआधी गोड पेये सोडा.

मग आज कोणती औषधे आहेत?

फ्रुक्टोजच्या वाटेवरचे एकही नाही. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेझ्मेटिरॉम मंजूर झाले. ते यकृतातल्या थायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहीवर काम करते. ९६६ रुग्णांच्या चाचणीत १०० मिलिग्रॅमच्या गटात सुमारे ३० टक्क्यांची सूज निवळली, प्लासिबोत सुमारे १० टक्क्यांची. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथेच सेमाग्लुटाइडला याच आजारासाठी मान्यता मिळाली. दोन्ही चट्टे बऱ्यापैकी पडलेल्या पण सिरोसिस न झालेल्यांसाठी आहेत, ग्रेड वनच्या ओळीसाठी नव्हेत. भारतात सारोग्लिटाझार या देशी औषधाला २०२० मध्ये परवानगी मिळाली. काय घ्यायचे ते तुमचे डॉक्टर ठरवतील. ‘लिव्हर टॉनिक’च्या बाटल्यांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखे चांगले काही नाही.

साखर किती कमी करायची?

जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस : वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस धरून, एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांखाली, जमल्यास पाच टक्क्यांखाली. पाच टक्के म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. अख्खे फळ आणि दूध यात धरायचे नाही. चहातली साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केली तर जीभ बंड करीत नाही. सणाची पुरणपोळी खा. रोजचा हिशेब बिघडवतो तो सण नव्हे, चारचा चहा आणि खारी-बिस्किटाचा डबा.

वजन जास्त असेल तर तेही उतरवावे लागेल. पाच टक्के उतरले की चरबी घटते, सात ते दहा टक्क्यांवर सूज, आणि दहाच्या पुढे चट्टेही सुधारू शकतात.

‘ग्रेड वन’ म्हणजे घाबरायचे का? आणि साखर सोडल्यावर सोनोग्राफी पुन्हा कधी करू?

ग्रेड चरबीचा असतो, चट्ट्यांचा नाही. ग्रेड वनमध्येही चट्टे असू शकतात आणि ग्रेड थ्रीमध्ये नसूही शकतात. म्हणून डॉक्टरांना ‘फिब-४’ किती येतो ते विचारा. चट्ट्यांचा अंदाज देणारा हा आकडा वय, एसजीओटी आणि एसजीपीटी (यकृताच्या नेहमीच्या रक्ततपासण्या) आणि प्लेटलेट एवढ्यावर निघतो, जास्तीचा खर्च नाही. १.३ च्या खाली असेल तर काळजी कमी, वर असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झाले ते मोजणारी तपासणी. पासष्टीपुढच्यांत ही रेषा थोडी वर धरतात.

सोनोग्राफीची घाई करू नका. यकृतात चरबी वीस-तीस टक्क्यांच्या खाली असली की सोनोग्राफीला ती नीट दिसत नाही. त्यामुळे बारावरून सातवर आलात तर रिपोर्ट कदाचित तोच येईल आणि तुम्ही चिडून पुन्हा साखरेचा डबा उघडाल. सहा महिने द्या. तोवर एसजीपीटी, ट्रायग्लिसराइड आणि कमरेचा पट्टा कोणत्या भोकावर लागतो, यांवर लक्ष ठेवा. पट्ट्याला फी लागत नाही.